'कनेक्शन मिळत नाहीये': संदेशांच्या रांगेला किती जणांनी जोडून घ्यावं?

(शहाड इथं झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली वळणं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



विषयाचं नाव वाचून काही जण दचकले असतील. तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक, सत्तरी ओलांडलेला, आणि बोलणार कशावर, तर बँका आणि मोठ्या कंपन्यांच्या संगणकांतल्या 'मेसेज क्यू'वर. त्यातही त्या क्यूला एका वेळी किती प्रोग्रॅमनी जोडून घ्यायचं, एवढ्याच प्रश्नावर. मी आयुष्यभर तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र शिकवलं. या विषयाकडे मी काही आपण होऊन गेलो नाही. माझा अंगठा मला तिकडे घेऊन गेला.

आपल्यापैकी जे पेन्शनर आहेत त्यांना नोव्हेंबर महिना म्हणजे काय ते सांगायला नको. हयातीचा दाखला. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायचं. (हशा) हसू नका, तर्कशास्त्राच्या माणसाला तो फार अवघड प्रश्न आहे. तर दोन-तीन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात मी एका बँकेच्या शाखेत गेलो. बँकेचं नाव सांगत नाही, त्याची गरज नाही. यंत्रावर अंगठा ठेवला, जुळला नाही. पुन्हा ठेवला, नाही. वय झालं की बोटांवरच्या रेषा झिजतात, खडू धरून धरून माझ्या जरा जास्तच झिजल्या असाव्यात. चार वेळा झालं. पाचव्या वेळी यंत्र काहीच बोलेना. शेजारच्या खिडकीवर एक बाई मुलीच्या फीचं एनईएफटी करायला आल्या होत्या, फी भरायची शेवटची तारीख होती. त्यांचंही काम अडलं. पासबुक छापायचं यंत्र थांबलं. खिडकीतली मुलगी म्हणाली, "आजोबा, कनेक्शन मिळत नाहीये."

आता बघा, आपण नेहमी ऐकतो ते 'सर्व्हर डाऊन'. ही मुलगी म्हणत होती की कनेक्शन मिळत नाहीये. म्हणजे सर्व्हर आहे, चालू आहे, पण आपल्याला आत घेत नाही. माझा एक जुना विद्यार्थी याच क्षेत्रात, ज्याला ते मिडलवेअर म्हणतात त्यात, बरीच वर्षं काम करतो. त्याच्याकडून दोन संध्याकाळी बसून मी हे समजून घेतलं. पुढं जे सांगतोय त्यातलं बरोबर असेल ते त्याचं, चूक असेल ती माझी.

आधी क्यू म्हणजे काय ते. फार वेळ घेत नाही. एका प्रोग्रॅमला दुसऱ्याला काहीतरी कळवायचंय: 'या खात्यातून एवढे पैसे काढा.' थेट फोन केला तर दुसरा त्या क्षणी हजर हवा, मोकळा हवा. त्याऐवजी मध्ये एक पेटी ठेवली. पहिला चिठ्ठी टाकून निघून जातो, दुसरा सवडीनं उचलतो. पेटी सांभाळणारा जो कारभारी प्रोग्रॅम असतो, तो चिठ्ठी हरवणार नाही आणि दोनदा पोचवणार नाही याची काळजी घेतो. आयबीएमनं १९९३ साली एमक्यूसिरीज नावानं हे उत्पादन आणलं, आज त्याला आयबीएम एमक्यू म्हणतात आणि जगभरच्या बँकांमध्ये ते आहे. पुढं रॅबिटएमक्यू आलं, काफ्का आलं. तपशील वेगळे, पेटीची कल्पना तीच. मी उदाहरणं आयबीएम एमक्यूची देईन, कारण माझ्या विद्यार्थ्याचा हात त्यावर बसलेला आहे.

यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. वाचणारा हजर असण्याची गरज या पेटीनं संपवली, पण पेटीपाशी जाण्याची गरज काही संपली नाही. चिठ्ठी टाकायची तर पेटीपर्यंत हात पोचला पाहिजे. तो पोचलेला हात म्हणजे कनेक्शन, जोडणी. आणि पेटीत हजारो चिठ्ठ्या मावत असल्या, तरी पेटीच्या तोंडाशी एका वेळी किती हात मावतील याला मर्यादा असते. त्या दिवशी शाखेत पेटी भरलेली नव्हती. पेटी जवळजवळ रिकामी होती. तोंडाशी हातांची गर्दी झाली होती.

जोडणीला खर्च काय येतो? प्रत्येक जोडणीमागे कारभाऱ्याला थोडी मेमरी बाजूला ठेवावी लागते. लक्ष ठेवायला एक धागा लागतो, त्याला थ्रेड म्हणतात. ऑपरेटिंग सिस्टिमकडून एक फाइल क्रमांक लागतो, आणि तेही मोजून मिळतात. लिनक्समध्ये एका प्रोसेसला साधारणपणे सुरुवातीला १०२४ उघड्या फाइलींची मुभा असते, वाढवून घ्यावी लागते. शिवाय जोडणी सुरू करताना दोन्ही बाजूंनी एकमेकांची ओळख पटवायची, कुलूप-किल्ल्या ठरवायच्या, यातच कित्येकदा चिठ्ठी टाकण्यापेक्षा जास्त वेळ जातो. त्यामुळं एक चिठ्ठी टाकायला जोडणी उघडायची, टाकायची, बंद करायची, पुन्हा दुसरीसाठी उघडायची, ही पद्धत जाणकार लोक वाईट मानतात. एकदा जोडा आणि ती जोडणी वापरत राहा, असं ते सांगतात.

म्हणून मर्यादा घालावी लागते. आणि आता मी ज्या आकड्यांपाशी आलो ते ऐकून मला त्या संध्याकाळी झोप आली नाही.

आयबीएम एमक्यूत क्यूच्या कारभाऱ्याला, म्हणजे क्यू मॅनेजरला, एकूण किती चॅनल चालवायचे याची एक मर्यादा असते. तिचं नाव मॅक्सचॅनल्स. आपण काही बदललं नाही तर लिनक्स किंवा विंडोजवर ती असते १००. ही झाली अख्ख्या घराची मर्यादा. मग घराला जी वेगवेगळी दारं असतात, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमना आत घेणारे चॅनल, त्या प्रत्येक दाराला आणखी दोन मर्यादा लावता येतात. एक मॅक्सइन्स्ट: या दारातून एकूण किती जोडण्या. दुसरी मॅक्सइन्स्टसी, शेवटचा सी क्लायंटचा: या दारातून एकाच क्लायंटला किती. या दोन्ही आपण काही न करता किती असतात? ९९,९९,९९,९९९. नव्व्याण्णव कोटी, नव्व्याण्णव लाख, नव्व्याण्णव हजार, नऊशे नव्व्याण्णव.

म्हणजे घरात माणसं मावणार शंभर, आणि दारावर पाटी आहे की एका माणसानं शंभर कोटींना एक कमी एवढी माणसं घेऊन यायला हरकत नाही! कुणीच काही ठरवलं नाही तर एकच क्लायंट शंभरच्या शंभर जागा अडवू शकतो, आणि बाकी सगळे बाहेर. यात कुणी नियम मोडलेला नसतो, ही यातली खरी गोम.

आपल्या भागातलंच उदाहरण घेऊ. शहाडला उल्हास नदीतून पाणी उचलतात, टेमघरला ते शुद्ध होतं, आणि ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदर आणि ग्रामीण भागाकडे जातं. त्या व्यवस्थेचं 'स्टेम' हे नावच शहाड आणि टेमघर यांच्यावरून पडलंय. तिथं एकूण किती उचलायचं हे ठरलेलं असतं, आणि कुणाला किती हेही ठरलेलं असतं. दुसरा आकडा नसता तर पहिल्याचा उपयोग काय झाला असता? आता तुमच्या गल्लीत या. नळाला पाणी येतं, आणि कुणीतरी थेट नळालाच मोटर लावतो. जलवाहिनी तीच, दाब तोच, पण त्याच्या टाकीत पाणी आणि पुढच्या चार घरांत नुसती हवा. शाखेतल्या त्या प्रोग्रॅमनं नेमकं हेच केलं होतं. फरक इतकाच, की मोटर लावणाऱ्याला आपण काय करतोय ते माहीत असतं.

त्या प्रोग्रॅमचं काय झालं ते सांगतो, कारण मला त्यात फार रस वाटला. हयातीच्या दाखल्यासाठी बँकेनं आतल्या आत एक छोटा प्रोग्रॅम नवा बसवला होता. अंगठा जुळला की तो क्यूला जोडून घ्यायचा, चिठ्ठी टाकायचा, जोडणी बंद करायचा. अगदी शिस्तीत. पण अंगठा जुळला नाही तर प्रोग्रॅम दुसऱ्या वाटेनं जायचा. 'पुन्हा प्रयत्न करा' असा निरोप टाकायचा, आणि त्या वाटेवर जोडणी बंद करायची ओळ लिहायचीच राहिली होती. चाचणी केली असेल ती तिशीतल्या मुलांनी. त्यांचे अंगठे जुळतात! प्रत्यक्षात आले आम्ही. झिजलेले अंगठे घेऊन शेकडो म्हातारे नोव्हेंबरात रांगेत उभे राहिले, आणि प्रत्येक नकारामागे एक जोडणी उघडी राहत गेली. मी चारदा अंगठा ठेवला होता. म्हणजे त्या शंभरांतल्या चार जागा मी अडवल्या होत्या, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. त्या बाईंच्या मुलीची फी अडवणाऱ्यांत मीही होतो.

आता यातला तर्कशास्त्राचा भाग. बिघाड झाल्यावर लोकांनी काय केलं? मर्यादा १०० ची २०० केली. ही घराची मर्यादा एका फाइलमध्ये लिहिलेली असते आणि ती बदलली की क्यू मॅनेजर बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. तसा केला. सगळं सुरळीत झालं. मंडळी खूश. 'मर्यादा कमी पडत होती, वाढवली, प्रश्न सुटला.' दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा बंद.

आपल्याकडे काकतालीय न्याय म्हणतात तो हा. कावळा बसला आणि ताडाचं फळ पडलं. क्यू मॅनेजर बंद करून चालू केला त्या क्षणी उघड्या राहिलेल्या सगळ्या जोडण्या तुटल्या, म्हणून काम सुरू झालं. मर्यादा न वाढवता नुसता बंद-चालू केला असता तरी सुरू झालं असतं. वाढवलेल्या मर्यादेनं एवढंच केलं, की घर भरायला थोडा जास्त वेळ लागला. मर्यादा भरली हे त्या गळतीचं लक्षण होतं, आणि लक्षण दिसायला उशीर झाला म्हणून लोकांनी त्याला उपचार मानलं. मी वर्गात ही उदाहरणं तापाची द्यायचो. आता जोडण्यांचं देतो.

अशा उघड्या राहिलेल्या जोडण्यांचा दुसरा एक प्रकार आहे. क्लायंटचं यंत्र अचानक बंद पडलं, मधली वायर तुटली. क्लायंट गेला, पण 'मी जातो' म्हणाला नाही. कारभाऱ्याला वाटतं तो अजून आहे. जुना काळा फोन आठवा. रिसिव्हर नीट ठेवला नाही की लाइन अडकून बसायची, ना तुम्हाला कुणाचा फोन येणार, ना तुम्हाला करता येणार. लिनक्सवर 'तू आहेस का?' असं पलीकडे विचारायची सोय आहे, पण ती चालू केली तरी मूळ आकड्यांप्रमाणं पहिली विचारणा ७२०० सेकंदांनी होते, म्हणजे दोन तासांनी. मग पंचाहत्तर पंचाहत्तर सेकंदांनी नऊ वेळा. दोन तास, अकरा मिनिटं, पंधरा सेकंदांनी तो मेला असं जाहीर होतं. (हशा) आम्हाला हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यावा लागतो, त्या मानानं बरंच म्हणायचं. म्हणून एमक्यूनं स्वतःची वेगळी हार्टबीट ठेवलीय. ती साधारण पाच मिनिटांना असते, कमी करता येते. मर्यादा किती ठेवायची हे ठरवण्याआधी मेलेल्या जोडण्या किती वेळ जागा अडवतात ते पाहावं, असं माझा विद्यार्थी सांगतो, आणि ते पटण्यासारखं आहे.

बरं, मग योग्य आकडा कोणता? इथं गणित मदतीला येतं. जॉन लिटल नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं १९६१ मध्ये एक साधं सूत्र सिद्ध केलं. आत असलेली माणसं बरोबर येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाचा मुक्काम. सेकंदाला ५० विनंत्या येतात, प्रत्येक विनंती जोडणी ०.२ सेकंद धरून ठेवते, तर एका वेळी सरासरी १० जोडण्या लागतात. १०० ची मर्यादा ऐसपैस झाली. आता समजा मागचा डेटाबेस मंदावला आणि त्याच विनंतीला ४ सेकंद लागायला लागले. येणारे तेवढेच, ५०. पण जोडण्या लागल्या २००. मर्यादा फुटली! गिऱ्हाईक एकानंही वाढलेलं नाही. मुक्काम वाढला. अशा वेळी मर्यादा वाढवून आणखी शंभर जणांना आत घेतलं, तर आधीच दमलेल्या डेटाबेसवर आणखी शंभरांचं ओझं पडतं, आणि चाराचे आठ सेकंद होतात.

इथं एक किचकट भाग आहे, पण टाळता येत नाही. एमक्यूत एका जोडणीतून अनेक संवाद चालू शकतात, आपण काही बदललं नाही तर दहापर्यंत. मर्यादा मोजते चॅनलच्या जोडण्या, संवाद मोजत नाही. जावा वापरणाऱ्या प्रोग्रॅमनं एक कनेक्शन आणि त्यावर दहा सेशन उघडली की संवाद होतात अकरा. दहा पहिल्या जोडणीत बसतात, अकराव्यासाठी दुसरी जोडणी उघडते. लिहिणाऱ्याला वाटतं मी एकच कनेक्शन वापरतोय. आकडे जमेनासे होतात ते बऱ्याचदा इथं.

आता मी माझ्या विषयाच्या जवळ येतो. 'एका क्लायंटला एवढ्याच जोडण्या' असं म्हटलं, तर एक क्लायंट म्हणजे कोण? एमक्यू याचं उत्तर पत्त्यावरून देतं. एकाच नेटवर्क पत्त्यावरून आलेले सगळे एकच क्लायंट. ऐकायला बरं वाटतं. पण एका मोठ्या सर्व्हरवर सहा वेगवेगळे प्रोग्रॅम चालत असतील, तर ते सहाही एकच धरले जातात. पूर्ण शाखा एका बाहेरच्या पत्त्यामागे असेल तर अख्खी शाखा एक. आणि उलट, एकाच प्रोग्रॅमच्या वीस प्रती वीस यंत्रांवर पसरल्या असतील, तर तो एक असूनही वीस होतो आणि वीसपट वाटा घेतो.

आपल्याकडे एकत्र कुटुंबात भाऊ वेगळे झाले की म्हणतात, चूल वेगळी केली. वाडा तोच, उंबरा तोच, पण चुली दोन, म्हणून घरं दोन. पत्त्यावरून मोजणारा उंबरे मोजतो. त्याला चुली दिसत नाहीत. यावर उपाय म्हणून प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःचं वेगळं दार द्यायचं, स्वतःच्या नावाचा चॅनल, आणि मर्यादा त्या दाराला लावायची. म्हणजे मोजणी चुलीवर येते. रॅबिटएमक्यूत वापरकर्त्याच्या नावावर मर्यादा लावता येते, तेही याच जातीचं. काफ्कात पत्त्यावर लावतात, तिथं उंबऱ्याची अडचण पुन्हा आलीच.

मोजायचं कशावर हा प्रश्न महाराष्ट्रानं एकदा फार गंभीरपणे सोडवलाय. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या प्रमाणात दिलं तर ज्याची जमीन मोठी त्याला पाणी जास्त. त्यांनी मोजणी जमिनीवरून काढून माणसांवर आणली. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा. आणि ऊस लावायचा नाही, कारण ऊस म्हणजे नळाला लावलेली मोटरच. एकूण पाणी होतं तेवढंच राहिलं, फक्त मोजायचं एकक बदललं. चॅनलच्या मर्यादा लिहिणाऱ्या प्रत्येक तरुण इंजिनिअरनं नायगावचे हे नियम एकदा वाचावेत असं मला वाटतं. माझ्या विद्यार्थ्याला मी वाचायला लावले.

मग सगळ्या दारांच्या मर्यादांची बेरीज घराच्या मर्यादेइतकी ठेवायची का? ठेवली तर कुणीच कुणाची जागा खाऊ शकत नाही, पण रात्री हिशेबाचे रिपोर्ट काढणाऱ्या प्रोग्रॅमच्या वीस जागा दिवसभर रिकाम्या राहतात. बेरीज जास्त ठेवली तर जागा वाया जात नाहीत, पण सगळे एकदम आले तर कुणीतरी बाहेर राहणार. माझं मत विचाराल तर पैसे, पेन्शन, अशा कामांच्या दारांना हक्काच्या जागा राखून ठेवाव्यात, त्यात काटकसर नको. रिपोर्ट आणि आकडेवारीवाल्यांना उरलेल्यात वाटून घेऊ द्या, ते थांबू शकतात. आणि देखभाल करणाऱ्याला आत जायला वाट हवी. एमक्यूत त्याच यंत्रावर बसून थेट आदेश देता येतो, त्याला चॅनल लागत नाही. दूरवरून काम करायचं असेल तर त्याचं दार आणि जागा आधीच राखलेल्या हव्यात. सगळं भरल्यावर दुरुस्त करणाराच बाहेर उभा, असंही घडतं.

मर्यादा आयत्या वेळी खाली आणली तर काय होतं, हे मला छान वाटलं म्हणून सांगतो. चाळीस जोडण्या चालू असताना दाराची मर्यादा तीस केली, तर आतल्या दहांना एमक्यू हुसकावत नाही. ते आपलं काम संपवून जातात, तोवर नव्यांना प्रवेश नाही. आणि घराच्या मर्यादेसारखा यासाठी क्यू मॅनेजर बंद करावा लागत नाही.

इथपर्यंत आतल्यांचं झालं. आता बाहेर राहिलेल्यांचं. याच्याकडे तांत्रिक मंडळी कमी लक्ष देतात अशी माझी तक्रार आहे.

आपण शहाडचे. सकाळी कसाऱ्याहून, टिटवाळ्याहून गाडी येते ती भरूनच येते. लोकलला मर्यादा नाही, जेवढे लटकतील तेवढे. त्याची किंमत आपण मोजतो. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात उभी असलेली माणसं धावत्या गाड्यांतून पडली, त्यात जीव गेले. मग दारं आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांची घोषणा झाली. दारं बंद व्हायला हवीतच. पण दार बंद झालं की फलाटावर राहिला त्यालाही कामावर पोचायचंच असतं. तो नाहीसा होत नाही, तो पुढच्या गाडीला येतो आणि त्या गाडीची गर्दी वाढवतो.

प्रोग्रॅम तर फलाटावर उभासुद्धा राहत नाही. नकार मिळाला की त्याच क्षणी पुन्हा दार वाजवतो, सेकंदाला शंभर वेळा. दार वाजवणाऱ्याला 'नाही' म्हणायलाही कारभाऱ्याला कष्ट पडतात. शेवटी तो फक्त 'नाही' म्हणत बसतो आणि आतल्यांचं काम थांबतं.

याचं मोठं उदाहरण मुंबईतलंच आहे. ते जोडण्यांचं नाही, विचारण्यांचं आहे, पण रोग तोच. आपण भाजीवाल्याला यूपीआयनं पैसे देतो, ती व्यवस्था चालवणारं एनपीसीआय मुंबईत आहे. १२ एप्रिल २०२५, शनिवार. देशभर कित्येक तास व्यवहार अडकले. एनपीसीआयनं नंतर जे कारण सांगितलं ते असं, की काही बँका 'त्या व्यवहाराचं काय झालं?' ही विचारणा पुन्हा पुन्हा पाठवत होत्या, अगदी जुन्या व्यवहारांबद्दलसुद्धा. म्हणजे व्यवहारांपेक्षा चौकशांनी यंत्रणा दमली. नियम असा ठरला की पहिली विचारणा व्यवहारानंतर ९० सेकंदांनी करायची, आणि दोन तासांत जास्तीत जास्त तीन. पुढं १ ऑगस्ट २०२५ पासून आपल्यालाही मर्यादा आली: एका ॲपवरून दिवसाला ५० वेळा शिल्लक बघता येते. त्यावर लोकांनी विनोद केले, 'दिवसात पन्नासदा शिल्लक बघण्याइतके पैसे कुणाकडे असतात!' पण बघा, त्या नियमात 'किती' बरोबर 'किती वेळानं' हेही आलंय. ते नव्वद सेकंद मला फार महत्त्वाचे वाटतात.

नकार मिळाल्यावर थांबायची रीत १९७० च्या दशकात एथरनेटवाल्यांनी बसवून ठेवलीय. पहिल्या नकारानंतर थोडं थांबा, दुसऱ्यानंतर दुप्पट, मग चौपट. आणि प्रत्येकानं आपल्या थांबण्यात थोडी यदृच्छा मिसळायची, म्हणजे सगळे एकाच क्षणी परत येत नाहीत. आपल्या शाखेतला प्रोग्रॅम थांबतच नव्हता.

आणि नकार खरा असावा. एमक्यू तसा देतं. मर्यादा भरली की क्लायंटला २५३७ हा क्रमांक मिळतो, चॅनल उपलब्ध नाही. कारभाऱ्याच्या नोंदवहीत तीन वेगळे संदेश पडतात. एएमक्यू ९५१३ म्हणजे घर भरलं, ९४८९ म्हणजे हे दार भरलं, ९४९० म्हणजे या एका क्लायंटचा वाटा संपला. तीन वेगळी कारणं, तीन वेगळे उपाय. पण हे सगळं खिडकीपर्यंत येता येता 'सर्व्हर डाऊन' होतं. त्या मुलीनं निदान 'कनेक्शन मिळत नाहीये' असं म्हटलं, म्हणून मी आज इथं बोलतोय. त्या फीवाल्या बाईंना कुणी सांगितलं असतं, की 'अर्ध्या तासात होणार नाही, दुसऱ्या शाखेत जा', तर त्यांची धावपळ तरी वाचली असती. त्या दीड तास बसून होत्या.

(व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं: "सर, शेवटी त्या बँकेनं काय केलं? आणि मर्यादा मुळात ठेवलीच नाही तर?")

दुसऱ्याचं आधी सांगतो. मर्यादा आपण ठेवली नाही तर मेमरी ठेवते. फरक असा, की आपली मर्यादा एकशे एकाव्याला नाही म्हणते आणि शंभरांचं काम चालू राहतं. मेमरी संपली की कारभारीच कोसळतो, आणि शंभरांचंही काम जातं. चिठ्ठ्या तबकडीवर लिहिलेल्या असतील तर वाचतील, पण उठून पुन्हा जागेवर यायला वेळ लागेल.

बँकेनं काय केलं? त्या प्रोग्रॅमला स्वतःचं दार दिलं, त्याला पंधरा जोडण्या. मर्यादा परत १०० वर आणली. मग प्रोग्रॅम पंधरा जोडण्या खाऊन एकटाच अडकायला लागला, बाकी शाखा चालू. आणि गंमत अशी, की तो एकटा अडकल्यावरच चूक कुणाची हे दिसलं. राहिलेली ती एक ओळ मग दोन दिवसांत लिहिली गेली. माझा दाखला झाला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, करंगळीवर. तिच्या रेषा अजून शाबूत आहेत.